देवळाकडे पाय

१

उधाण ओसरलं तेव्हा बुडालेल्यांची हाडं उघड्यावर पडली होती.

कास्तेल्यानोसच्या खाडीला हे नवं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी, कार्निव्हलच्या रविवारी, उजाडायच्या आत, ‘प्रिन्सिपे दे आस्तुरियास’ हे स्पेनचं भलंमोठं प्रवासी जहाज धुक्यात पिराबुराच्या खडकावर आपटलं आणि पाच मिनिटांत तळाला गेलं. पुढे कित्येक दिवस लाटा माणसं आणून टाकत होत्या. खाडीतल्या कोळ्यांनी ती मिळाली तिथेच वाळूत पुरली. ज्याला जे मढं सापडलं ते त्या घराचं झालं. वर्षातून एकदा, कार्निव्हलच्या रविवारी, त्या घरच्या बाईने जाऊन आपल्या मढ्यावरचं गवत काढायचं आणि मेणबत्ती लावायची. साऱ्या ब्राझीलमध्ये त्या दिवशी ढोल वाजायचे. इल्याबेला बेटाच्या या मागच्या अंगाला कोणी नाचाचं पाऊल उचलत नसे.

उधाणाने वाळू वाहून नेली की बायका फावडी घेऊन जायच्या आणि आपापली हाडं झाकून यायच्या. या खेपेला मात्र त्या हात न लावता परत आल्या आणि पोलीस पाटलाच्या दारात उभ्या राहिल्या.

पाटील म्हणजे अनाक्लेतो. खाडीतली भांडणं मिटवायची, आणि हाताबाहेरचं काही घडलं तर विला गावच्या फौजदाराला निरोप धाडायचा, एवढं त्याचं काम. सत्तरीला टेकलेला माणूस. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको दोर्वालिना वारली. तेव्हापासून तो रोज सकाळी दोघांची कॉफी करायचा आणि दुसरा पेला निवला की दाराबाहेर ओतून द्यायचा.

बायका काही सांगेनात. नुसतं “चला” म्हणाल्या. तो गेला.

बुडालेले सगळे एकाच रीतीने पुरलेले होते. अंगावर कापड नाही, पाय समुद्राकडे. मढं उठून चालायला लागलंच तर आल्या वाटेने परत जावं, घरांकडे येऊ नये, म्हणून. खाडीतलं आपलं माणूस मात्र वर देवळाच्या आवारात जायचं. त्याला कफनात शिवायचे आणि पाय वेदीकडे करून ठेवायचे.

त्या सगळ्या समुद्राकडे पाय केलेल्या हाडांमध्ये एक सांगाडा उलटा निजला होता. त्याचे पाय देवळाकडे होते. त्याच्याभोवती काळपट कापड होतं, उधाणाने अर्धं फाडलेलं. कवटी मागून फुटलेली होती, आणि तिच्या खाली वाळूत कासवाच्या पाठीची एक फणी रुतून बसली होती.

गर्दीतून फिर्मिनो पुढे आला. त्याने फणी उचलली, कमरेला गुंडाळलेल्या ओल्या कापडाला पुसली आणि उलटून पाहिली.

“मी कोरलेली आहे,” तो म्हणाला. “जासीराची.”

२

जासीरा त्याची बायको. अठरा वर्षांपूर्वी, कार्निव्हलच्याच रविवारी, दोन वर्षांची पोर मागे टाकून ती नाहीशी झाली होती. गालेगो नावाचा एक व्यापारी तेव्हा गलबत घेऊन खाडीत यायचा आणि बुडालेल्या जहाजाच्या बशा, चमचे, पितळी कड्या विकत घ्यायचा. जासीरा त्याच्या गलबतात बसून सांतोसला पळाली, असं ठरलं. तसं ठरवलं होतं ते अनाक्लेतोनेच, कारण तिला गलबतात चढताना पाहिल्याचं त्याला खात्रीच्या माणसाने सांगितलं होतं.

त्यानंतर खाडीने फिर्मिनोला सुखाने जगू दिलं नाही. तो जाळं ओढायला आला की कोणीतरी डोक्यावर दोन बोटांची शिंगं करायचं, बायको पळालेल्या नवऱ्याला चिडवायची ती खूण. तो प्यायचा, आणि प्यायला की पोरीला मारायचा, कारण ती आईसारखी दिसायची. आता तेच शिंगं करणारे हात त्याच्या मानेवर पडले. त्यांनी त्याला पीठ भाजायच्या पडवीत नेऊन भट्टीच्या खांबाला बांधलं. “अठरा वर्षं आम्हाला बनवलंस,” एकजण म्हणाला, “आणि आम्ही तुला हसत होतो. खरा हसत होतास तूच की रे आमच्यावर.”

समुद्र निवळला की फौजदाराची लाँच येणार होती. लाँच आली की फिर्मिनो जाणार, आणि विलाच्या कोठडीतून सांतोसच्या तुरुंगात गेलेला खाडीतला माणूस आजवर परत आलेला नव्हता. अनाक्लेतोजवळ तेवढाच अवधी होता.

फिर्मिनोच्या मुलीला, ओदेतेला, त्याने आधी गाठलं. ती अंगणात बोय मासे चिरून मीठ भरत होती. तिने सुरी थांबवली नाही.

“बापाला जेवण नेलंस का, पोरी?”

“नाही नेलं.”

“त्याने केलं असेल असं वाटतं तुला?”

तिने चिरलेला मासा मिठात दाबला. मग म्हणाली, “त्यानेच केलं असेल तर बरं होईल, काका. म्हणजे ती मला टाकून गेली नव्हती.”

तिच्या मागे, सावलीत, तिची आजी लुजेरा बसली होती. फिर्मिनोची आई. तिच्या दोन्ही डोळ्यांत दुधासारखं पांढरं होतं. नातीचं तोंड तिने कधी पाहिलेलं नव्हतं. ओदेते जन्मली तेव्हाच तिला दिसेनासं झालं होतं, आणि पोर रडली की ती हात चाचपडत जाऊन तिचं नाक कुठे, तोंड कुठे ते शोधायची.

“माझ्या पोराला सोडव, पाटील,” म्हातारी म्हणाली. “तो दारुडा आहे. पण त्याला कोंबडी मारता येत नाही धड.”

३

फिर्मिनोने काही लपवलं नाही. त्याच्याजवळ लपवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. त्या रविवारी सकाळपासून तो प्यायला होता. जासीरा आपल्या घरच्या मढ्याचं गवत काढायला खुरपं आणि मेणबत्ती घेऊन बाहेर पडली. तो झोपला. उठला तेव्हा पोर रडत होती आणि चूल विझलेली होती.

“तू शोधायला गेला नाहीस?”

“निघालो होतो. वाटेत तुम्हीच भेटलात, पाटील. म्हणालात, शोधू नकोस, ती गेली.” फिर्मिनोने मान वर केली. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“दोर्वालिनाने. टेकडीवरून पाहिलं होतं तिने. बोचकं घेऊन गलबतात चढताना.”

“हां,” फिर्मिनो म्हणाला. “मग खरंच असणार, असं मलाही वाटलं होतं.”

त्या बाईच्या शब्दावर खाडीत कोणी शंका घेत नसे. दोर्वालिना मेलेल्यांना अंघोळ घालायची, त्यांची कफनं शिवायची, बुडालेल्यांची प्रार्थना सांगायची. अनाक्लेतोने मनाशी म्हटलं, लांबून दुसरी कोणी बाई दिसली असेल. टेकडी उंच आहे, ऊन डोळ्यांवर येतं. मग त्याच्या ध्यानात आलं की कार्निव्हलच्या रविवारी बाहेरची कोणती बाई खाडीत येणार?

पडवीतून निघताना त्याने मनातल्या मनात मांडून पाहिलं. गालेगोने मारून पुरली असती, तर पाय समुद्राकडे केले असते. वाळूतली बाकीची मढी त्याने पाहिलेली होती. त्यांच्यासारखीच तीही ठेवून दिली असती, आणि कोणाला कधी कळलंही नसतं. मारणाऱ्याने तिला लपवलं होतं बुडालेल्यांत, पण निजवलं होतं आपल्या माणसासारखं. ही चूक परक्याच्या हातून होत नाही. ती खाडीतल्याच कोणाच्या तरी हातची होती.

लोकही तेच म्हणत होते. फक्त त्यांच्यासाठी ‘खाडीतला कोणीतरी’ म्हणजे फिर्मिनोच होता.

४

त्याने सांगाड्याभोवतीचं कापड गोळा करून घरी आणलं. मँग्रोव्हच्या सालीच्या काढ्यात भिजवलेलं शिडाचं कापड होतं ते, म्हणून इतकी वर्षं वाळूत टिकलं होतं. एका बाजूला लांबच लांब शिवण होती, जाळ्याच्या डांबरी दोऱ्याची. त्याने ती बोटांनी चाचपली. टाके बारीक होते, सारखे होते. काहीतरी चुकत होतं आणि काय ते त्याला कळेना.

तो ते घेऊन लुजेराकडे गेला. डोळे जाण्याआधी तीही कफनं शिवायची. तिने कापड मांडीवर घेतलं आणि अंगठा शिवणीवरून सरकवत गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उलट परत आली. तिचा हात थांबला.

“गाठ नाही,” ती म्हणाली.

अनाक्लेतोला कळलं नाही. तिने सांगितलं ते पुरुषांना माहीत नसतं, कारण कफन शिवताना त्यांना खोलीबाहेर काढतात. कफनाच्या दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीला नाही, शेवटी नाही. गाठ मारली की जीव आत अडकतो. दोरा नुसता दोनदा मागे घेऊन सोडून द्यायचा. जाळी विणणारा पुरुष गाठीशिवाय दोरा सोडूच शकत नाही. बापाने लहानपणीच कान पिळून शिकवलेलं असतं.

म्हणजे फिर्मिनोने हे शिवलं नव्हतं. अनाक्लेतोला हायसं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने मोकळा श्वास घेतला आणि विचारलं, मग तेव्हा खाडीत कफनं शिवणाऱ्या बायका कोण होत्या?

लुजेराने कापडाची घडी केली, त्याच्या हातात दिली, आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

“जाळून टाक हे,” ती म्हणाली. “लाँच यायच्या आत जाळ. दुसरं काहीतरी शोध माझ्या पोरासाठी.”

५

गालेगो खाडीतच होता. जहाजाला पन्नास वर्षं झाली म्हणून सांतोसच्या वर्तमानपत्रांत तळाशी पडलेल्या सोन्याच्या आणि जहाजाच्या पोटात कोंडून आणलेल्या बिनतिकिटाच्या माणसांच्या कहाण्या छापून येत होत्या, आणि बशांचा भाव वाढला होता. त्या कहाण्यांत खाडीतले लोकही असायचे. अंगठ्यांसाठी त्यांनी मढ्यांची बोटं कापली, असं बाहेरचे म्हणायचे. बोटं माशांनी खाल्ली, असं खाडीतले म्हणायचे. गालेगो दोघांकडूनही माल घ्यायचा आणि दोघांचंही खरं म्हणायचा.

तो आता म्हातारा आणि जाडा झाला होता. खडकावर बसून कोळंबी सोलत होता.

“माझ्या गलबतात ती कधी चढलीच नाही,” तो म्हणाला. “अठरा वर्षं मी तिला पळवणारा म्हणून मिरवतोय. सांतोसच्या गुत्त्यांत मला दारू पाजतात लोक त्यावर. पण मला विचारलं कोणी? तुम्ही विचारलंत, पाटील?”

अनाक्लेतोने विचारलं नव्हतं.

मग गालेगोने जे सांगितलं ते थोडक्यात असं. कादिस शहरातलं एक कुटुंब आपल्या बुडालेल्या मुलीचा शोध घेत होतं. तिचं मढं मिळालं नव्हतं, पण तिच्या कानात आजीचे सोन्याचे डूल होते, पोवळ्याचे, आणि एका डुलातलं पोवळं तडकलेलं होतं. डूल आणून देणाऱ्याला ते कुटुंब चांगलं बक्षीस देणार होतं. ही गोष्ट जासीराने ऐकली आणि हसली. ती म्हणाली, ते डूल इथे आहेत. आणि डूलवाली बुडाली नव्हती, ती चालत वर आली होती. रविवारी गवत काढायला जाते तेव्हा ते मागून घेते आणि संध्याकाळी तुझ्याकडे आणते.

“मी थांबलो,” गालेगो म्हणाला. “आली नाही. मला वाटलं, भाव वाढवतेय.”

त्याने कोळंबीचं डोकं तोडून पाण्यात टाकलं.

“पाटील, तुम्हाला काय झालं? बसा.”

अनाक्लेतोने ते डूल गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या हाताने दोर्वालिनाच्या कानांत घातले होते, देवळाच्या आवारात तिला उतरवायच्या आधी. तिच्या धर्ममातेने दिलेले, असं ती म्हणायची. लग्नात तिने तेच घातले होते. डावं पोवळं तडकलेलं होतं.

६

घरी येऊन त्याने कापड परातीत टाकलं आणि खारं पाणी घालून चोळलं. काळा राप निघत गेला. एका कोपऱ्यात शिडाचा रंग संपला आणि निळ्या पट्ट्यांचं जाड कापड लागलं. ठिगळ होतं. चारही बाजूंनी मोठ्या, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेलं, आणि प्रत्येक टाक्यानंतर गाठ.

ते त्याने शिवलं होतं. गादीच्या जुन्या खोळीचा तुकडा होता तो, त्याच्या आणि दोर्वालिनाच्या गादीचा. ते शीड त्याच्या होडीचं होतं. जासीरा गेली त्या कार्निव्हलनंतर ते दिसेना म्हणून त्याने विचारलं, तेव्हा दोर्वालिना म्हणाली होती, उंदरांनी कुरतडलं, मी पिठाच्या पिशव्या केल्या त्याच्या. तो नवीन शीड करायला बसला होता. तिने त्याला शेजारी बसून कापड धरायला मदत केली होती.

तो परत लुजेराकडे गेला. या वेळी त्याने तिला काही दाखवलं नाही, नुसतं विचारलं की तो जहाजाचा रविवार सांग. म्हातारीने आढेवेढे घेतले, मग बोलायला लागली ती थांबेचना. ती आणि दोर्वालिना, दोघी पोरीच तेव्हा, खडकांवर गेल्या होत्या. दोर्वालिना पुढे होती. खडकाच्या पलीकडे एक बाई बोलत होती. पाणी मागत होती. पाणी हा शब्द त्यांच्या आणि आपल्या भाषेत एकच. लुजेरा खडकाला वळसा घालून पोचली तेव्हा ती बाई पाण्यात पालथी होती, आणि दोर्वालिनाची मूठ बंद होती.

“तू कोणाला सांगितलं नाहीस?”

“सांगायचं कोणी? माझ्या कमरेला चांदीचा डबा खोचलेला होता, पाटील. खाडीतल्या कुठल्या घरात त्या जहाजाचं काही नव्हतं? सुनेला सांगितलं एकदा, पीठ भाजताना. गोष्ट म्हणून सांगितलं.”

“आणि सून गेली तेव्हा?”

“तुझ्या बायकोने पाहिलं म्हणालास. मला काय दिसत होतं?”

तो उठला. त्याच्या लक्षात आलं की ही बाई अठरा वर्षं ओळखून होती, आणि आपल्या पोराच्या डोक्यावरची शिंगं तिने निमूट ऐकून घेतली होती, कारण तोंड उघडलं असतं तर तिचा चांदीचा डबाही बाहेर आला असता.

घरी ठिगळ समोर घेऊन तो बसून राहिला. हातात सुरी होती. चार बाजूंनी चार काप घेतले की निळा तुकडा वेगळा होणार होता, आणि चुलीत टाकला की संपणार होता. मग ते कुणाचंही शीड झालं असतं, आणि दोर्वालिना होती तशी राहिली असती. पण नुसत्या न मारलेल्या गाठींवर फौजदार फिर्मिनोला सोडणार नाही, हेही त्याला कळत होतं. ते शिवायला ज्या घरातून कापड आलं ते घर दाखवल्याशिवाय फिर्मिनो सुटत नव्हता.

त्याला बायकोचा राग येत नव्हता. हेच त्याला सगळ्यात वाईट वाटत होतं. त्याला तिची आठवण येत होती, कालच्यासारखीच.

बाहेर कोणीतरी ओरडलं की लाँच टोकाला वळली.

७

फौजदार ओतासिलियोला बोट लागली होती आणि त्याचा चेहरा हिरवा पडला होता. देवळासमोर त्याला खुर्ची दिली, लिंबाचं पाणी दिलं. फिर्मिनोला आणून उभं केलं. सारी खाडी जमली.

अनाक्लेतोने कापड पायरीवर पसरलं आणि सांगायला सुरुवात केली. त्याला बोलण्याची सवय नव्हती, पण तो क्रमाने बोलला. पाय देवळाकडे, म्हणून मारणारा इथला. शिवणीला गाठ नाही, म्हणून शिवणारी बाई, आणि तीही कफनं शिवणारी. तेव्हा अशा दोनच होत्या, त्यांतल्या एकीचे डोळे नातीच्या जन्मालाच गेलेले. राहिली एक. जासीरा गलबतात चढली असं सांगणारी तीच, आणि गलबतवाला म्हणतो की ती चढली नाही. डूल तिच्याच कानांत होते. शीड तिच्याच घरचं, हे ठिगळ बघा. प्रेत उचलून न्यावं लागलं नाही, कारण दोघी आपापल्या मढ्यांचं गवत काढायला चालत तिथे गेल्या होत्या, हातांत खुरपी घेऊन. जासीराने डूल मागितले असतील. मग वार झाला. वाळूत खड्डा करायला बाईचे हात पुरतात. पण मारल्यावर तिला तसंच उघडं टाकवेना. जन्मभराची सवय होती तिची. घरी जाऊन शीड आणलं, शिवलं, पाय वेदीकडे केले.

“माझी बायको,” तो शेवटी म्हणाला. “दोर्वालिना.”

बायकांत कुजबूज झाली आणि ती वाढत गेली. एक म्हातारी म्हणाली की हिवाळ्यात पुरलेल्या बायकोवर आळ घेणारा नवरा तिने पाहिला नव्हता.

फौजदाराने लिंबाचं पाणी संपवलं. त्याने आधी गालेगोला विचारलं. गालेगो म्हणाला, मी बशांचा व्यापारी आहे साहेब, डुलांचं मला काही आठवत नाही, म्हातारपण. त्याला पुढच्या वर्षीही खाडीत यायचं होतं. मग लुजेराला विचारलं. ती म्हणाली, मी आंधळी बाई, दोर्वालिना देवमाणूस होती.

“पाटील,” फौजदार म्हणाला, “तेव्हा खाडीचा पोलीस पाटील कोण होता?”

“मीच.”

“तपास कोणी बंद केला?”

“मी.”

“शीड कोणाचं?”

“माझं.”

“आणि या गाठी?” त्याने बुटाच्या टोकाने निळं ठिगळ दाखवलं.

“माझ्या हातच्या. पण बाकीच्या शिवणीला...”

“बाकीच्या शिवणीला गाठी नाहीत, ऐकलं मी. नसलेल्या गाठी कोर्टात कशा दाखवायच्या ते सांगा. असलेल्या मला दाखवता येतात.”

“डूल आहेत. कबर उघडा.”

“बायकोच्या कानात डूल सापडले म्हणून तिला पकडू? माझ्याही बायकोच्या कानात आहेत.” लोक हसले. फौजदाराला बरं वाटायला लागलं होतं. “आणि मेलेल्या बाईला मी लाँचमध्ये कुठे बसवू? जासीराला पुरायला हातभार लावणारा घरात एक पुरुष होता, शीड त्याचं, गाठी त्याच्या, तपास त्याचा. मला तर सरळ दिसतंय.”

त्याने शिपायाला खूण केली. फिर्मिनोचे दोर सोडले आणि तेच अनाक्लेतोच्या मनगटांना बांधले. फिर्मिनोने मनगटं चोळली, जवळ आला, आणि त्याच्या तोंडावर थुंकला.

अनाक्लेतोने गर्दीत ओदेतेला शोधलं. लाँच नांगर टाकेपर्यंतच्या वेळात त्याने तिला गाठून सगळं सांगितलं होतं, कापड तिच्या हातात दिलं होतं, टाके मोजून दाखवले होते. शिपाई त्याला पाण्यात उतरवून लाँचकडे नेत होता तेव्हा ती गुडघाभर पाण्यात त्याच्या बाजूने चालत आली.

“मला पटलं होतं, काका,” ती हळूच म्हणाली. “सगळंच पटलं.”

“मग बोल ना.”

“बोलून काय होईल? साहेब रिकामे जाणार नाहीत. तुम्हाला सोडलं तर बाबाला नेतील.” तिने त्याच्या तोंडावरची थुंकी आपल्या झग्याच्या टोकाने पुसली. “आणि तिने निदान कफन शिवलं. तुम्ही तर कोणाला विचारलंसुद्धा नाहीत.”

शिपायाने त्याला काखेत धरून वर ओढलं. लाँचच्या कठड्याला टेकल्यावर त्याने तिला एवढंच विचारलं, की आईला आता कुठे ठेवणार.

“वर, आवारात. बायकांनी आत्ताच ठरवलं,” ओदेते म्हणाली. “आवार भरलंय. एकच जागा मोकळी आहे.”

ती जागा दोर्वालिनाच्या शेजारची होती. ती त्याने स्वतःसाठी राखून ठेवली होती.